खडीवर मोजलेली बेकारी

'बेकार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बे' म्हणजे विना आणि 'कार' म्हणजे काम. 'रोजगार' हाही फारसीच, पण फारसीत त्याचा अर्थ मजुरी एवढाच नाही. काळ, दिवसमान असाही आहे. उर्दू शायर 'गमे-रोजगार' म्हणतात तेव्हा काळाचं दुःख आणि पोटापाण्याची विवंचना दोन्ही त्यात येतात. मुकादम आणि हजेरी अरबीतून आले, मजूर फारसीतून, पगार पोर्तुगीजांकडून आणि मस्टर इंग्रजांकडून. कामाच्या जागेवर साऱ्या जगातले शब्द असे एका पंगतीला बसले आहेत. मी कविता लिहिणारा माणूस. अर्थशास्त्र बी.ए.ला एक विषय होता, तेवढाच माझा त्याच्याशी संबंध. पण बेकारीवर बोलायला सांगितलं तेव्हा मला पुस्तकाआधी सातारा-सांगलीचा नकाशा आठवला. खेड्यात बेकार कोण आणि किती, हा भल्याभल्यांना न सुटलेला प्रश्न. त्याचं एक साधं उत्तर आपल्याच भागात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला पहिल्यांदा करून पाहिलं गेलं.

आधी इथल्या पावसाविषयी सांगायला हवं. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडकडे गेलात तर पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. कृष्णेच्या काठी कराड, वाळवा हिरवेगार आणि पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत ही सारी पर्जन्यछायेतली गावं. तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कागदावर जिल्हे दोन झाले, दुष्काळ एकच राहिला. शाळू निघाला की गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत हाताला काम नाही. शेत आहे, बैल आहेत, माणूस धडधाकट आहे आणि करायला काही नाही. याला बेकारी म्हणावं असं पूर्वी कुणाला वाटतही नसे. 'उन्हाळा आहे' एवढंच म्हणायचे.

मग माणसं बाहेर पडत. साताऱ्याची पलटणीत गेली. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याहून इतके जवान गेले की गावाच्या नावामागे 'मिलिटरी' कायमचं लागलं. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी भारतभर पसरली. आजही दूरच्या एखाद्या शहरात सराफकट्ट्यावर विट्याकडची मराठी कानावर पडते. पाटण-जावळीची माणसं मुंबईच्या गोदीत आणि बाजारात डोक्यावर ओझी वाहू लागली. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. आणि हजारो लोक गिरण्यांत गेले. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात उभी राहिली, तेव्हापासून सव्वाशे वर्षं आमच्या गावांचा उन्हाळा पोस्टमनच्या पिशवीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर निघाला. माझे थोरले मामू परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास नानी पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यात बसायची.

तर अशा मुलखात बेकार मोजायचे कसे? शहरात सोपं असतं. कारखाना बंद पडला, माणूस घरी बसला, तो बेकार. इंग्लंड-अमेरिकेत १९३०च्या मंदीत अशांच्या रांगा लागल्या. खेड्यातला गरीब मात्र घरी बसत नाही. बसणं त्याला परवडतच नाही. तो सरपण गोळा करतो, दुसऱ्याच्या शेळ्या वळतो, भावाच्या अर्ध्या एकरात दोघांचं काम चौघं करतात. शिरगणतीवाल्याने विचारलं, काय करता, तर उत्तर येतं 'शेती'. झालं, कागदावर बेकारी संपली. जतकडची एखादी शेतमजूर बाई घ्या. पेरणी-खुरपणीला काम, मग खंड, पुन्हा काढणी, मग महिनोन्‌महिने तुरळक. वर्षाच्या मापाने ती कामकरी. आठवड्याच्या मापाने कधी कामकरी, कधी नाही. रोजच्या मापाने पाहिलं तर अर्धं वर्ष बेकार. या तिघींपैकी खरी कोणती?

प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७० मध्ये सरकारला हेच सांगितलं, की बेकारीचा एकच एक आकडा काढून आपल्यासारख्या देशात काही कळणार नाही. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ मध्ये पहिल्यांदा वर्ष, आठवडा आणि दिवस अशा तिन्ही मापांनी मोजणी केली. वर्ष लक्षात ठेवा, १९७२-७३. दिल्लीचे पाहणीवाले प्रश्नपत्रिका घेऊन बेकारी मोजत होते, तेव्हा महाराष्ट्रात ती रस्त्यावर येऊन उभी राहिली होती.

पण त्याआधी शंभर वर्षं मागे जावं लागेल. १८७६ ते ७८चा दुष्काळ आपल्या भागाने भोगला. इंग्रज सरकारने दुष्काळी कामं काढली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव हा त्या काळच्या अशा कामांचाच वारसा. पण सरकारची नजर संशयाची होती. आळशी लोक फुकट मजुरी लाटतील ही भीती. सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च कमी करण्यासाठी मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नाही, कोण जाणे.

पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून नियमावली तयार झाली. तिच्यात एक मजेशीर तरतूद होती. एखाद्या मुलखात दुष्काळ आहे की नाही अशी शंका असेल तर चाचणीचं काम काढायचं. काम कष्टाचं, मजुरी बेताची. माणसं आली तर दुष्काळ आहे, नाही आली तर नाही. म्हणजे सरकारला तेव्हाच कळलं होतं, की गरज मोजायची तर घरोघर विचारत फिरण्याऐवजी काम काढावं आणि कोण येतं ते पाहावं. फक्त या युक्तीचा उपयोग ते माणसाची परीक्षा घ्यायला करत होते.

ही परीक्षा उलटी फिरवली ती वि. स. पागे यांनी. पागे सांगली जिल्ह्याचे. स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, पेशाने वकील आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या खुर्चीवर बसलेला माणूस सहसा इतरांना बोलायची पाळी देतो, स्वतः योजना आखत नाही. पाग्यांनी १९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्र लिहून ग्रामीण भागातल्या रोजगाराची कल्पना मांडली आणि १९६९ मध्ये विसापूर परिसरात ती प्रयोग म्हणून सुरू झाली. कल्पना तीन शब्दांची, 'मागेल त्याला काम'. बेकार कोण हे सरकारने ठरवायचं नाही. ज्याला अंगमेहनतीचं काम हवं त्याने मागायचं आणि सरकारने द्यायचं. जो येईल तो बेकार. जो येणार नाही त्याला दुसरीकडे बरं काम आहे असं समजायचं. सुगीत गर्दी आपोआप ओसरेल, उन्हाळ्यात आपोआप वाढेल. हजेरीपट हीच मोजणी. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनीही मोठ्या प्रमाणावर ग्रामीण सार्वजनिक कामं काढा असंच सांगितलं होतं. विसापुरात ती तोवर सुरू झालेली होती.

योजना राज्यभर न्यायचं १९७२ मध्ये ठरलं आणि त्याच वेळी महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. आपल्या वडीलधाऱ्यांना 'बाहत्तरचा' एवढं म्हटलं की पुरे, पुढे दुष्काळ हा शब्द लावावा लागत नाही. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. जगात एवढ्या लोकांना एका वेळी कामाला लावल्याची उदाहरणं फार नाहीत. रेशनवर अमेरिकेतून आलेला लालसर मिलो मिळायचा आणि कामावर सुकडी. त्या दुष्काळात जनावरं गेली, गावं ओस पडली, पण १८७६ सारखे माणसांचे बळी गेले नाहीत. त्याचं मोठं श्रेय या कामांना आहे.

माझी आई त्या वेळी खडीवर होती. मी दीड-दोन वर्षांचा, झाडाला बांधलेल्या झोळीत. आमचं घर पिंजाऱ्याचं. दुष्काळात गादी कोण भरून घेणार? आजोबांची पिंजण आढ्याला टांगली गेली ती गेलीच. आईने तोपर्यंत गल्लीबाहेर मजुरी केलेली नव्हती. ती सांगायची, पहिल्या दिवशी पदर तोंडावर घेऊन गेले आणि बघते तर बाजूला पाटलाची सून तसाच पदर घेऊन बसलेली. मराठ्याच्या, रामोशाच्या, महारवाड्यातल्या, आमच्या, सगळ्या बायका एका ओळीत दगडावर हातोडी मारत. खडीचं माप ब्रासवर. मुकादम टेप टाकून मोजायचा आणि ढिगात पोकळी दिसली की पाय मारून ढीग खाली बसवायचा. "हात सगळ्यांचे सारखेच सुजायचे," आई म्हणायची, आणि जरा थांबून, "पाण्याचा माठ मात्र वेगळाच असायचा." तिच्या आयुष्यातला पहिला स्वतःचा पगार तिथला. त्यातून तिने काय घेतलं हे मी अनेकदा विचारलं. दरवेळी ती वेगळं सांगायची. एकदा चोळीचं कापड म्हणाली, एकदा माझ्यासाठी औषध, एकदा नुसतीच हसली.

दुष्काळ सरल्यावर ही कामं बंद करता आली असती. महाराष्ट्राने ती केली नाहीत. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. तुमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, तो हा कर. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीचा भार उचलायचा, असा तो सरळ हिशेब होता. अनेकांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं, सरकार उगाच कापतं. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारा. महाराष्ट्राने त्याला कायद्याचं बळ दिलं. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकार भत्ता. देशात असं पहिल्यांदाच झालं.

व्यवहारात काय झालं तेही सांगितलं पाहिजे. काम सुरू करायला किमान पन्नास मजूर लागत. वाडीवर चाळीसच असले तर त्यांनी काय करायचं? अर्ज घेतला तरी तारखेची पोच द्यायची नाही, म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, ही कारकुनी युक्ती गावोगाव माहीत होती. मस्टरवर मेलेल्यांच्या हजेऱ्या लागल्या. 'रोहयो' म्हटलं की भ्रष्टाचार असं समीकरण पेपरांनी लोकप्रिय केलं. ते पुष्कळसं खरं होतं, पण पोच का मिळत नाही यावर तेवढे मथळे आले नाहीत.

याहून खोल प्रश्न आमच्याच भागातून पुढे आला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिने गेले, वर्ष गेलं. मामू पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. खानापूर तालुक्यात असे पुष्कळ जण परतले आणि तिकडेही तेव्हा दुष्काळच होता. ते रोजगार हमीच्या कामावर गेले. पण ही मंडळी संघटनेत मुरलेली. त्यांनी विचारलं, वर्षानुवर्षं खडी फोडतोय, या खडीचं होतं काय? रस्त्याच्या कडेला ढीग पडतो, पावसात वाहून जातो, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खडी. बेकारी तात्पुरती भागवणारं काम नको, बेकारी हटवणारं काम द्या. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीने ही मागणी लावून धरली. त्यांनी येरळा नदीकडे बोट दाखवलं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेतात, पात्र कोरडं पडतं आणि नदीकाठची माणसं खडी फोडतात, हा कुठला न्याय? वाळूवर गावाचा हक्क सांगून, तिच्या पैशातून आणि लोकांच्या श्रमदानातून बलवडी-तांदूळवाडीजवळ बळीराजा धरण उभं राहिलं. पाणीवाटपाचं तत्त्व असं, की पाणी जमिनीच्या हिशेबाने न वाटता कुटुंबाच्या हिशेबाने वाटायचं आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. धरण लहानच आहे. पण बेकारी ही नुसती मजुरीची तूट नसून पाण्याच्या मालकीचीही गोष्ट आहे, हे बोलून न थांबता बांधून दाखवणारं दुसरं ठिकाण मला ठाऊक नाही.

१९९० पासून रोजगार हमीला फळबागांची जोड मिळाली. आटपाडीकडे डाळिंब वाढलं, तासगावची द्राक्षं तर आधीपासूनच होती. पुढे टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी पूर्वेला चढवलं. अजून सगळीकडे पोचलेलं नाही, पण जिथे पोचलं तिथे उन्हाळ्याचा अर्थ बदलला.

विसापूरची कल्पना २००५ मध्ये दिल्लीला पोचली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला, फेब्रुवारी २००६ पासून लागू झाला आणि एका कुटुंबाला वर्षात शंभर दिवस असं माप ठरलं. पाग्यांच्या कल्पनेत दिवसांची मर्यादा नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ झाले. राज्यांवरचा खर्चाचा वाटा मात्र वाढला, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाकाठी साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूद आली. शेतीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार त्यामागे आहे. मला यात विसापूरचा धडा विसरल्यासारखा वाटतो. तिथलं सगळं गणितच असं होतं, की बाहेर बरी मजुरी असेल तर माणूस खडीवर येणार नाही. सुगीतही कुणी खडीवर आला, तर सुगीची मजुरी खडीपेक्षा कमी आहे एवढंच त्यातून कळतं. दार बंद केलं तर ते कळायचं साधनही जातं.

राहता राहिली एक बेकारी, जी पाग्यांच्या हजेरीपटावर कधीच आली नाही, ती शिकलेल्यांची. माझ्या पिढीतल्या मुलांनी बी.ए. केलं, सेवायोजन कार्यालयात नाव घातलं आणि कार्डाचं नूतनीकरण वेळच्या वेळी केलं. खडीवर आम्ही जाणार नव्हतो. आयांनी खडी फोडली ती आम्ही फोडू नये म्हणूनच. आजची मुलं पहाटे साताऱ्याच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावतात. २०२२ पासून त्यातल्या बहुतेकांसमोर सैन्यातली चार वर्षांची नोकरी आहे. बाकीची पुण्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन बसतात, तिशीपर्यंत. पाहणीवाला आला आणि घरच्यांनी 'शिकतोय' म्हणून सांगितलं, तर तो बेकारांत धरला जात नाही. जतच्या त्या शेतमजूर बाईसारखाच तोही मापातून निसटतो. फक्त तिच्यासाठी खडीचं का होईना काम काढता आलं होतं. याने मागायचं कुठे आणि द्यायचं कुणी?

परवा तासगावकडे एका द्राक्षबागायतदाराकडे गेलो होतो. छाटणीचे दिवस. बागेत बिहारहून आलेली मजुरांची टोळी काम करत होती. एकरावर उक्तं ठरलेलं, राहायची सोय शेडमध्ये. मालकाचा मुलगा पुण्यात, परीक्षेचं चौथं वर्ष. संध्याकाळी टोळीतला एक तरुण बांधावर बसून मोबाइलवरून गावी पैसे पाठवत होता. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. पैसे पोचल्याचा आवाज झाला तसा उठला. मालकाने त्याला विचारलं, घरी कोण असतं? तो म्हणाला, "नानी." मग मालकाने आपल्या खिशातला फोन काढला. पुण्याच्या खोलीचं भाडं त्यालाही आजच पाठवायचं होतं.